आज दिसलं ते आजच

उढाणकाकांशी बोलताना आपणच ओशाळून आपल्या चपलांकडं बघायला लागायचो. कारण त्यांची नजर कायम खाली. आपण विचारावं, "काय काका, बरं आहे ना?" तर काका आधी आपल्या पायापाशी वाकणार, गाजरगवताचं एखादं रोप मुळासकट उपटणार, माती झटकणार, आणि मग म्हणणार, "बरं हाय. तू कशी हाईस, वंदना?" ते रोप खिशात जायचं. काकू म्हणायच्या, "यांचा सदरा धुवायचा म्हणजे आधी खिशातलं रान काढायचं, मंग साबण."

ही नोकरीची सवय. काकांनी सगळी हयात कापसाच्या बियाण्याच्या एका कंपनीत काढली. ऑफिसात नव्हे, रानात. ज्या शेतात बियाण्यासाठी कापूस लावतात, तिथं एकाच जातीची झाडं असावी लागतात. एखादं झाड उंचीनं वेगळं, पानानं वेगळं दिसलं, की ती भेसळ. ते फुलायच्या आत उपटायचं. त्याचा परागकण इकडं-तिकडं गेला की सगळं बियाणं वाया. काकांचं काम ओळीओळीनं चालायचं आणि अशी झाडं हुडकायचं. मजूर ओरडायचे, "साफ झालं साहेब!" आणि काका त्याच ओळीत शिरून एक झाड उपटून दाखवायचे. "आज दिसलं ते आजच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "उद्या काढू म्हणलं की ते फुलून बसलं समजा."

हे वाक्य आमच्या कॉलनीतल्या प्रत्येकानं इतक्यांदा ऐकलंय, की मुलांनी गृहपाठ टाळला की आयासुद्धा काकांच्या आवाजात तेच म्हणायच्या.

आमची कॉलनी नवीन जालन्यातली. बँकेतले, कचेरीतले, दुकानवाले, एक वकील असे लोक. सगळ्यांची घरं सारखी आणि अंगणंही सारखीच: फाटकाशी दोन उंच अशोक, भिंतीला रंगीत पानांची क्रोटनं, आणि मधे ज्याला आम्ही मोठ्या अभिमानानं लॉन म्हणायचो ते गवत. उन्हाळ्यात टँकर आला की भांडणं व्हायची, पण लॉन मात्र हिरवं. काका निवृत्त होऊन इथं राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या फाटकाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "गाय कुठं हाय?"

मी म्हटलं, "गाय? आमच्याकडं गाय नाही काका."

"मंग हे कुणाला चारायला लावलंय?"

मला असा राग आला म्हणता! ओळख ना पाळख, आणि आल्या आल्या टोमणा. मी चांगलं सुनावणार होते. पण ते मान खालीच घालून होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टोमणा मारून स्वतःच लाजलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. म्हटलं, जाऊ दे.

वर्षभरात माझं लॉन गेलं. तिथं तरवड आला, अडुळसा आला, कोपऱ्यात बहावा आला. माझं बघून वकिलांचं गेलं, मग मेडिकलवाल्यांचं. काका रस्त्याकडंच्या झाडांचं बी गोळा करायचे, दुधाच्या पिशव्यांत रोपं वाढवायचे आणि घरोघर वाटायचे. अट एकच. आपल्या अंगणातल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाही. ते शेजाऱ्यानं घालायचं, आणि आपण पलीकडच्या शेजाऱ्याच्या झाडाला.

"हा काय येडेपणा काका?" मी म्हटलं.

"सोताच्या झाडाला कुणीबी घालतंय. दुसऱ्याच्या घालून बघ."

येडेपणाच होता, पण चालला. गाडी लावण्यावरून वकील आणि मेडिकलवाले दोन वर्षं बोलत नव्हते. आता वकिलांना रोज सकाळी बादली घेऊन मेडिकलवाल्यांच्याच फाटकातून आत जावं लागायचं. आठ दिवस मुकाट्यानं पाणी घातलं, नवव्या दिवशी आतून चहा आला. माझ्या झाडांना पाणी घालायच्या शकुंतलामावशी. आमच्या घराला लागून त्यांचं घर. पाणी घालून झालं की ओट्यावर बसायच्या आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या.

रविवारी सकाळी फेरी निघायची. काका पुढं, मागं आम्ही एका ओळीत, एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. डोळे खाली. गाजरगवत, घाणेरी, जे परकं आणि पसरणारं ते उपटायचं. बँकेतल्या मॅनेजरसाहेबांनी बर्मुडा घालून वकिलाच्या अंगणात उकिडवं बसायचं, हे दृश्य बघायला शेजारच्या कॉलनीतले लोक गच्चीवर यायचे. हसायचे. आम्हीही हसायचो. पण चिमण्या परत आल्या, फुलपाखरं आली, उन्हाळ्यात टँकरवरची मारामारी कमी झाली, हे खरंय.

एकदा बी गोळा करायला मी काकांबरोबर अंबडच्या बसनं गेले. एका फाट्यावर उतरून आम्ही चालत निघालो. एक गाव आलं तसे काका रस्ता सोडून ओढ्यात उतरले. मी साडी सावरत मागं. "अहो, गावातून सरळ रस्ता आहे की!"

"तू जा. मी ओढ्यानं येतो."

मी कशाला जाते! त्यांना बसवलं ओढ्यातल्या दगडावर आणि म्हटलं, काय ते सांगा. बराच वेळ बोटांनी वाळू चिवडत बसले. मग म्हणाले, "ह्या गावात आमचे बियाण्याचे प्लॉट होते. बांध चकाचक पाहिजे म्हणायचो मी. बांधावरची झाडं म्हणजे किडीचं घर. बोरी, बाभळी, हिवर, समदं तोडायला लावलं. एका बाईनं बोरीला लेकराची झोळी बांधलेली. ती म्हणे, साहेब, एवढी एक राहू द्या, लेकरू कुठं निजवू? मी म्हणलं, बिलकुल न्हाई. माझ्या देखत तोडली. तिनं झोळी सोडली, लेकरू काखेला मारलं अन् उन्हात कामाला लागली." वाळू झटकून म्हणाले, "ती बाई हाय अजून. म्हातारी झाली. मला बघून हासती, चहा प्या म्हणती. कसं तोंड दाखवू?"

त्या दिवशी मला कळलं, हा माणूस खाली का बघतो. नुसती नोकरीची सवय नव्हती ती.

आता मुख्य गोष्टीकडं येते. ती सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं, पण ती सोडून उढाणकाका सांगताच येणार नाहीत.

दसऱ्याला आमच्याकडं शमीची पूजा करतात. कॉलनीत शमी नव्हती. काका म्हणाले, "माझ्या गावच्या मारुतीच्या पाराजवळ जुनी शमी हाय. तिच्याखाली रोपंच रोपं उगवलीत. आणतो." गावाहून पोतंभर रोपं घेऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्यांची मान ताठ बघितली. "माझ्या गावची हाय," ज्याला त्याला सांगत होते. दसऱ्याच्या सकाळी बारा-चौदा अंगणांत हळदीकुंकू वाहून शमी लागली. शकुंतलामावशींच्या अंगणात त्यांच्या यजमानांनी स्वतः खड्डा केला. भाऊसाहेब तेव्हा आजारीच होते. कुदळ मारून दमले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "उढाण, ही मोठी झालेली मला काही दिसत न्हाई." काका म्हणाले, "दिसंल की भाऊसाहेब. माझ्या गावची हाय, जल्दी वाढंल." त्याच हिवाळ्यात भाऊसाहेब गेले. मावशी दर शनिवारी त्या झाडापाशी दिवा लावायला लागल्या. त्यांच्या झाडांना पाणी घालायचं मॅनेजरसाहेबांनी, पण ह्या झाडाला मावशींनी दुसऱ्या कुणाला पाणी घालू दिलं नाही. कॉलनीतला तेवढा एक नियम मोडला, आणि काकांनी तो मोडू दिला.

रोपं खरंच भराभरा वाढली. दोन पावसाळ्यांत भिंतीच्या वर. आम्ही म्हणायचो, काकांच्या हाताला गुण आहे. काकांना ते आवडायचं. लपवायचे, पण आवडायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एका रविवारी, फेरी माझ्या अंगणात असताना काका थांबले. शमीला पिवळट शेंगांचे घोस लागले होते. काकांनी एक शेंग तोडली. मोडून बघितली. फांदी खाली ओढली, पेरापेराला जोडीनं आलेले लांब काटे बोटानं चाचपले. बोटातून रक्त आलं तरी बोट तिथंच.

"काका, काय झालं?" मी विचारलं.

"फेरी झाली," म्हणाले. "घरी जा समदे."

चार दिवस घराबाहेर आले नाहीत. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गावाला जाऊन आले. आल्यापासून भिंतीकडं तोंड करून निजलेत. जेवा म्हणलं तर म्हणतात, मला वाढू नको."

गावाला जाऊन त्यांनी काय बघितलं ते पुढं त्यांनीच सांगितलं. पाराजवळची ती शमी खरीच होती. पण तिच्या सावलीत दुपारी शेळ्या बसायच्या. त्या शेळ्या माळावरच्या विलायती बाभळीच्या शेंगा खाऊन यायच्या. जिला आम्ही येडी बाभळ म्हणतो, जी माळ खाते, ओढे खाते, आपल्या झाडांना उठू देत नाही, ती. शेळ्यांच्या लेंड्यांतून तिचं बी शमीखाली पडलं आणि उगवलं. काकांनी वरचं झाड बघितलं आणि खालची रोपं उचलली. ज्या माणसानं कंपनीतल्या पोरांना आयुष्यभर शिकवलं की पिशवीवरचं नाव वाचू नका, पान बघा, त्यानंच पान बघितलं नाही. "दुसऱ्या कुठल्या गावची असती तर बघितलं अस्तं," मला म्हणाले. "माझ्या गावची म्हणून न्हाई बघितलं."

पुढच्या रविवारी काका कुदळ घेऊन निघाले. आम्ही मागं होतोच, पण ओळ करायची कुणाला हिंमत झाली नाही. पहिल्या घरी डोक्यावरची टोपी काढली. बायकामाणसांसमोर, पोरासोरांसमोर. "मी तुमच्या अंगणात भेसळ केली," म्हणाले. "वर तिची पूजा करायला लावली. माफी द्या. मी काढून देतो."

मेडिकलवाले हसले. "अहो काका, त्यात काय एवढं! झाड ते झाड. सावली पडती ना?"

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो. काकांचा चेहरा एवढासा झाला. "तसं नका म्हणू," इतकंच म्हणाले आणि खणायला बसले. मॅनेजरसाहेब म्हणाले, माणूस लावून काढू. नाही. पोरं मदतीला धावली. नाही. येडी बाभळ काढणं म्हणजे खायचं काम नाही, मूळ खोल जातं, हात फाटतात. दर घरी तीच टोपी काढायची, तेच वाक्य, तीच कुदळ. मी बघत होते आणि मेडिकलवाल्यांच्या त्या हसण्याची मलाच लाज वाटत होती. माझ्या अंगणात आले तेव्हा मी म्हटलं, "काका, माफी-बिफी मागू नका, नुसतं काढा." तरी त्यांनी ते वाक्य म्हटलंच.

शेवटी शकुंतलामावशींचं फाटक. मावशी झाडापाशी उभ्या. बुंध्याला दोरा गुंडाळलेला, खाली कालच्या दिव्याचं तेल. काकांनी टोपी काढली. मावशीच म्हणाल्या, "भावजी, मला समदं कळलंय. कुदळ बाहेर ठिवा."

"वहिनी, ही शमी न्हाई."

"नसू द्या."

"ही वाईट हाय वहिनी. हिचं बी पसरतं."

"त्यांनी खड्डा केलाय. त्यांच्या हातानं लावलीय. ती कोण हाय ते तुम्ही बघा. मी कशाला बघू?"

काका तिथंच झाडाखाली बसले. काढावं तर मावशींचं काळीज उपटल्यासारखं, ठेवावं तर पुन्हा सगळी कॉलनी नासायची, आणि दोन्ही त्यांच्याच हातानं. मला वाटलं आता हे रडणार. पण त्यांनी वर शेंगांकडं बघितलं आणि म्हणाले, "बराबर हाय तुमचं. झाड राहू द्या. शेंगा माझ्या."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते चाललं. शेंगा भरल्या की, पिकून पडायच्या आत, काका शिडी आणि कापडी पिशवी घेऊन मावशींच्या अंगणात हजर. एकेक घोस हातानं तोडायचे. काठीनं झोडपायचं नाही, एखादी शेंग भिंतीपलीकडं उडाली तर? खाली चादर अंथरलेली. हातभर ओरखडे. रस्त्यानं कुणी गेलं की शिडीवर पाठमोरे व्हायचे, जणू चोरी करताना सापडले. कंपनीतला जुना ओळखीचा कुणी भेटला तर म्हणायचे, "काही न्हाई, वहिनीला मदत करून राह्यलो." शेंगा घरी नेऊन बंबात जाळायचे. मावशी आतून चहा आणायच्या, काका कप घ्यायचे पण ओट्यावर बसायचे नाहीत. दोघं एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. मावशी एवढंच विचारायच्या, "राह्यल्या का वर?" आणि काका परत शिडी चढायचे.

आम्ही सगळ्यांनी पुढं खरी शमी लावली. शोधून, पानं तपासून. हळू वाढते बिचारी, अजून गुडघ्याएवढीच आहे. काकांनी मात्र लावली नाही. त्यांच्या अंगणातली येडी बाभळ त्यांनी सगळ्यात आधी काढली होती, तो खड्डा तसाच ठेवला. काकू कुरकुरायच्या, पाऊस पडला की डबकं होतं. मी एकदा रोप घेऊन गेले तर म्हणाले, "मला नको देऊ. मी बघत न्हाई नीट."

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काका शिडीवरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून दुसऱ्या दिवशी परत मावशींच्या फाटकाशी! राहिलेल्या शेंगा मी आणि वकिलांनी काढल्या. काका खाली खुर्चीवर बसून, "डाव्या अंगाला हाय अजून... त्या पानाआड... न्हाई न्हाई, वर," असं चाललेलं. वकील वैतागले. मला हसू येत होतं. मावशी दारात उभ्या राहून काकांच्या त्या हाताकडं बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी चहा केला नाही.

मग गेला उन्हाळा. शेंगा भरायच्या सुमाराला काका पिशवी घेऊन निघाले. मी ओट्यावर भाजी निवडत होते. ते फाटक ढकलून आत गेले आणि तिथंच उभे राहिले, म्हणून मीही उठून गेले.

झाड नव्हतं. गुडघ्याएवढं खोड राहिलेलं, कापलेला भाग अजून ओला. फांद्या गाडीत घालून नेलेल्या, अंगण झाडून काढलेलं. मावशींनी आदल्या दिवशी माणूस लावून तोडलं होतं, सगळे कामाला गेले असताना, आणि मी अंधार पडल्यावर घरी आलेली, मलाही दिसलं नव्हतं.

मावशी बाहेर आल्या. "पिशवी घरी न्या भावजी," म्हणाल्या. "आता काम न्हाई."

"वहिनी, का?"

"तुमची चढायची खोड काही जाईना. मंग काय करावं? एक गेलं त्या झाडापायी... न्हाई, झाडापायी न्हाई. पण आता दुसरं जायला नको." आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

ज्या झाडापायी काकांनी इतकी वर्षं ओरखडे सोसले, ते जावं म्हणून किती उन्हाळे मनात म्हटलं असेल! आणि ते गेलं तेव्हा हा माणूस अंगणाच्या मधोमध उभा राहून लेकरासारखा रडला. "भाऊसाहेबांचं झाड," म्हणत होता. "माझ्यापायी तोडलं. पुन्हा माझ्यापायीच." मी त्यांना धरून घरी नेलं. बाहेर उन्हात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तेवढीही लाज त्यांना सोसली नसती.

काका गेले ते पावसाळ्यात, झोपेत. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं नीट बघितलं, तेवढं सांगते आणि थांबते.

रविवारची सकाळ होती. फेरी आता काकांशिवायच निघायची, पण त्या दिवशी ते आले. काठी टेकत, ओळीच्या शेवटी. मावशींच्या अंगणात सगळे पुढं गेले आणि काका त्या खोडापाशी मागं राहिले. मी वळून बघितलं. खोडाला फुटवा आला होता. येडी बाभळ ती, तोडून मरते थोडीच. बोटभर कोंब, वर कोवळी पानं. काकांची नजर तिथंच असणार होती. ते वाकले. अंगठा आणि बोट कोंबाला लागलं, आयुष्यभर जसं लागलं तसं. दोन बोटांचं काम, क्षणात झालं असतं.

बोटं तिथंच राहिली. दाबली नाहीत.

दारात मावशी उभ्या होत्या. काकांनी वर बघितलं, मावशींकडं, मग माझ्याकडं. पकडलं गेल्यासारखा चेहरा झाला. कानाच्या पाळ्या लाल.

मी विचारलं, "काढू का काका?"

काकांनी हात मागं घेतला, सदऱ्याला पुसला.

"उद्या काढू," ते म्हणाले, आणि मान खाली घालून फाटकातून बाहेर पडले.